फडावरून फेरात

चैत्री पौर्णिमा जवळ आली की सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळ्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांचा वेग आपोआप मंदावतो. टेम्पो, ट्रॅक्टर, गच्च भरलेल्या एसटी आणि त्यांच्या कडेकडेनं अनवाणी चाललेली माणसं. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. बालाघाटाच्या डोंगरावर येडेश्वरी आणि पायथ्यापासून वरपर्यंत ‘आई राजा उदो उदो’. लोक याला यात्रा म्हणतात. मला मात्र ते वर्षभर पांगलेल्या आराध्यांचं, देवीची गाणी गात खेळणाऱ्या भक्तांचं, संमेलन वाटतं. ना निमंत्रणपत्रिका, ना स्वागताध्यक्ष. चंद्र पुरा झाला की यायचं, एवढंच ठरलेलं.

हे ठरण्यामागे नुसती भक्ती नाही. कळंब, वाशी, भूम या भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे कोयते बांधून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. आराध्यांच्या एकाच मेळ्यातली झांज वाजवणारी एका टोळीत आणि झील धरणारी दुसऱ्या टोळीत, असं होतं. साखर हंगाम आटोपतो फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला. उचल फिटली की अंगावर राहिली, हा मुकादमाकडचा हिशेब चार दिवस बाजूला पडतो आणि मेळा पुन्हा पुरा होतो.

असा मेळा पौर्णिमेच्या रात्री जवळून पाहावा. संबळवाला कमरेला जोडी आवळतो. त्याच्या एका काडीचं टोक वाकवलेलं असतं. पहिल्या घावाला कुणी हलत नाही. म्होरकी बाई कानावर हात ठेवून ओळ टाकते, बाकीच्या ती उचलून परत देतात. ओळ दोन-तीनदा अशी फिरली की मग पाय सुटतात. मी पाहिलेल्या मेळ्यातली म्होरकी सत्तरीची असावी. उसाच्या पाचटानं चिरलेली बोटं, त्यांत पितळी झांज. पावलं अगदी लहान, जमिनीवरून उचलतात की नाही कळू नये इतकी. पण ठेका त्या पावलांतच होता, संबळवाला त्यांच्याकडे बघून वाजवत होता. मी विचारलं, “मावशी, नाचायला कुठं शिकलात?” ती जरा रागावलीच. “नाचत न्हाई लेकरा. आईपुढं खेळतो.” आणि तिनं तोंड फिरवून पुढची ओळ टाकली.

मला तेव्हा न्यूयॉर्कचं हार्लेम आठवलं, याला वाचकांनी हसू नये. तिथं 1926 साली सॅव्हॉय बॉलरूम उघडलं. स्विंग संगीत आणि लिंडी हॉप हा नाच तिथं बहरला. त्या हॉलमध्ये गुरुवारची रात्र खास होती. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या कृष्णवर्णी बायांना सुटी मिळे ती गुरुवारी, म्हणून. इथं कारखान्याचा हंगाम, तिथं मालकिणीची मर्जी. दुसऱ्याच्या घड्याळावर राबणाऱ्यांनी आपल्या नाचाची वेळ अशी फटीतून काढलेली. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, ही रीतही दोन्हीकडे आहे. नातं जोडायचा माझा हट्ट नाही. राबणाऱ्या अंगांना जे सुचतं ते दोन्हीकडे सुचलं असेल.

सॅव्हॉय 1958 मध्ये बंद झालं, पाडलं गेलं, तिथं घरं उभी राहिली. तिथला अव्वल नर्तक फ्रँकी मॅनिंग टपाल खात्यात नोकरीला लागला आणि तीसेक वर्षं तिथंच राहिला. 1980 च्या दशकात तरुण पोरं त्याला शोधत आली, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. 2009 मध्ये तो गेला. 2014 मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला देशोदेशीचे नाचणारे न्यूयॉर्कला जमले. त्यांचा हॉल गेला, पण नावं राहिली, कारण कुणीतरी ती विचारली, लिहिली, चित्रफितीवर घेतली.

आमच्याकडे नेमकं उलट आहे. डोंगर जागच्या जागी आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी खाली उतरते, काळ्या रानात लोकांची चुनखडी वेचायला झुंबड उडते. याच चुन्यानं देवीचं मंदिर रंगवायची रीत. मग पालखी आमराईत पाच दिवस मुक्काम करते. हे सगळं वर्तमानपत्रात दरसाल छापून येतं, गर्दीच्या आकड्यासकट. पण मेळ्याच्या म्होरकीचं नाव छापलेलं मी तरी पाहिलं नाही. गाणी ‘पारंपरिक’ म्हणून मोकळी होतात, जणू ती कुणी रचलीच नाहीत. गोंधळ्यांच्या वाट्याला निदान थोडेफार पुरस्कार आणि रंगमंच आले. आराधी बाई घराबाहेर फक्त गर्दी म्हणून मोजली जाते. हा अन्याय आहे आणि तो आपण शिकल्यासवरल्यांनी केलेला आहे.

पुढच्या चैत्रात येरमाळ्याला जाणार असाल तर पौर्णिमेच्या रात्रीच जा. फेरात कुणी खेळत असताना मोबाईल तिच्या तोंडासमोर धरू नका. पहाटे मेळा चहाला बसला की शेजारी बसा, तिची हरकत नसेल तर तिचं नाव, गाव आणि तिनं गाणं कुणाकडून घेतलं ते वहीत लिहून घ्या. त्याची एक प्रत तिच्या नातवाकडेही द्या.