स्टॉकहोमच्या भूगर्भांत

आमचे वडील बंधु अण्णा हे चित्रकलेचे शिक्षक. विद्यार्थ्यांस घेऊन ते अजिंठ्यास इतक्या वेळां गेले कीं, तेथील रखवालदार त्यांस नांवानें ओळखीत. आतां कांचबिंदूमुळें त्यांची दृष्टि कडेकडून मिटत चालली आहे. नळींतून पाहावें तसें मधलें तेवढें दिसतें. आम्ही लेकीकडे स्वीडनला निघालों तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "तिथं खडकाच्या पोटांत आगगाडीचीं स्टेशनें रंगवलीं आहेत म्हणतात. दिसतंय तोंवर दाखवा मला."

स्टॉकहोमची भुयारी रेल्वे १९५० सालीं सुरू झाली. तिच्या सुमारें १०० स्थानकांपैकीं ९० हून अधिक स्थानकांत कांहीं ना कांहीं कलाकृति आहे. पण अण्णांस दाखवावयाचीं तीं १९७५ सालीं खुल्या झालेल्या निळ्या मार्गावरचीं. येथें खडक फरशांखालीं झांकलेला नाहीं. सुरुंगानें फुटला तसाच उंचसखल ठेवून त्यावर काँक्रीटचा थर फवारला आणि त्या खडबडीत अंगावरच रंग दिला. अजिंठ्यास मातीचा गिलावा चढवून, तो गुळगुळीत करून मग चित्र काढिलें. येथें खडकाचे उंचवटेच चित्रांत सामील झाले आहेत. हा फरक अण्णांस सांगावयाचा म्हणून आम्हीं वहींत टिपून ठेविला.

टी-सेंट्रालेन हें सर्व मार्गांच्या भेटीचें ठिकाण. तेथील पांढऱ्या छतावर पेर ऊलोफ उल्टवेट या चित्रकारानें निळ्या वेली आणि पानें चढविलीं आहेत; धांवपळ करणाऱ्या उतारूंच्या जिवास जरा विसांवा मिळावा हा हेतु. त्याच छताच्या एका भागीं स्थानक बांधणाऱ्या कामगारांच्या निळ्या छायाकृति आहेत. कारागिरानें कारागिरास असें भिंतीवर बसविलेलें आम्हीं अन्यत्र पाहिल्याचें स्मरत नाहीं. मान मोडेपर्यंत आम्ही तेथें उभे होतों. शेवटीं सौभाग्यवतींनीं दंडास धरून बाजूस ओढलें, कारण आम्ही लोकांच्या वाटेंत होतों.

सोल्ना सेंट्रुम मात्र निराळें. सरकत्या जिन्यानें खालीं उतरतांना वर तांबडें लाल आकाश, खालीं हिरवें सूचिपर्णी अरण्य. आणि हा देखावा भिंतीभिंतीनें सुमारें १००० मीटर चालला आहे. प्रथम वाटतें, सूर्यास्त असावा. जवळ गेल्यावर तो सूर्यास्त राहत नाहीं. ओस पडणारीं खेडीं आणि नासत चाललेली सृष्टि, हीं १९७० च्या दशकांतील स्वीडनचीं दुखणीं कार्ल-ऊलोफ ब्यर्क व आंदेश ओबेरी यांनीं त्या अरण्यांत रंगविलीं आहेत. कोंकणांतल्या बंद घरांची आम्हांस आठवण झाली.

छायाचित्र घेणें सोपें नव्हतें. उजेड मंद, म्हणून कॅमेरा बांकाच्या पाठीवर टेकवून, श्वास रोखून कळ दाबावयाची. आणि दोन गाड्यांमधील त्या मिनिट-दोन मिनिटांत फलाट मोकळा मिळावयाचा. आम्हांस तो अगदीं निर्मनुष्य हवा होता. एकदां सर्व जुळून आलें आणि नेमकी एक वृद्ध बाई पिशवी सांवरीत मधोमध येऊन थांबली! मनांतल्या मनांत आम्हीं तिला बरेंच बोलून घेतलें.

घरीं आल्यावर मोठ्या आकाराचीं छायाचित्रें करवून अण्णांपुढें मांडलीं. भिंग घेऊन ते एकेक चित्र पट्ट्यापट्ट्यानें वाचल्यासारखें पाहत होते. "रंग सुरेख आहे," ते म्हणाले, "पण हें आभाळ केवढं? माणूस कुठं आहे यांत?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मग ओशाळून तें बाईचें बिघडलेलें चित्र काढिलें. अण्णांस ती सांपडली. तिची उंची एक धरून, तिच्या डोक्यावरून भिंग वर सरकवीत, "दोन, तीन…" असें मोजीत ते लाल छतापर्यंत पोंचले. तेथें बराच वेळ थांबले.

"बिघडलेले असे आणखी आहेत का रे?" त्यांनीं विचारिलें.

बाकीचीं आम्हीं लेकीच्या घरींच पुसून टाकिलीं होतीं.