पाण्याचे यंत्र निवडण्याआधी पाण्याचे निदान करा

"डॉक्टर असून तुमच्याकडे आरओ नाही?" हा प्रश्न मला जुळे सोलापुरात वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडे आश्चर्य असते आणि थोडी काळजीही. आमच्या भागात नवीन घर झाले की वास्तुशांतीच्या आधी आरओ भिंतीवर चढतो. "सोलापूरचं पाणी क्षाराचं" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे हा निर्णय कुणाला विचार करून घ्यावासा वाटत नाही.

तरीही दवाखान्यात पावसाळा सुरू झाला की टायफॉइड, कावीळ आणि गॅस्ट्रोचे रुग्ण येतातच, आणि त्यांतले बरेच आरओ असलेल्या घरांतले असतात. म्हणून हा लेख. कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे हे मी सांगणार नाही. आपल्या पाण्याला नेमका कोणता आजार आहे हे कसे ओळखायचे, तेवढे सांगते. औषध त्यानंतर ठरते.

आपले पाणी येते कुठून?

सोलापूर शहराला पाणी मिळते ते उजनी धरणातून, टाकळी येथे भीमा नदीतून आणि हिप्परग्याच्या एकरूख तलावातून. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठेतल्या केंद्रांत ते शुद्ध होते, त्यात क्लोरीन मिसळले जाते. उजनीत भीमेच्या खोऱ्यातून पुणे-पिंपरीकडचे सांडपाणीही येते. उन्हाळ्यात पाण्याला येणारा शेवाळाचा वास आपल्या ओळखीचा आहे.

पण आजाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते केंद्रापासून आपल्या नळापर्यंतचे अंतर. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येते. मधल्या दिवसांत जलवाहिनी रिकामी असते. तिला कुठे गळती असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते घाण पाणी आत झिरपते. पाणी सुटल्यावर कुणी थेट नळाला मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. मोटर लावणाऱ्याला पाणी जास्त मिळते आणि गल्लीतल्या सगळ्यांना थोडे गटार मिळते. त्यानंतर तेच पाणी चार-पाच दिवस हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत राहते. तोपर्यंत क्लोरीन उडून गेलेले असते.

थोडक्यात, महापालिकेच्या पाण्याचा आपल्याकडचा मुख्य धोका जंतूंचा आहे. क्षारांचा प्रश्न प्रामुख्याने बोअरच्या पाण्याचा आहे.

टीडीएस मीटर काय सांगतो?

विक्रेता घरी येतो, पेनासारखा मीटर ग्लासात बुडवतो आणि आकडा दाखवतो. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. तो जंतू दाखवू शकत नाही. टीडीएस १५० असलेल्या पाण्यात काविळीचे विषाणू असू शकतात आणि ७०० असलेले पाणी जंतूमुक्त असू शकते.

दुसरा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. दोन ग्लासांत धातूच्या सळ्या सोडून वीज लावतात. नळाचे पाणी तांबूस, गढूळ होते आणि आरओचे स्वच्छ राहते. घरातली माणसे घाबरतात. तो गाळ बहुतांशी त्या लोखंडी सळीचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून सळी विरघळत नाही. पुढच्या वेळी त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही पाणी तसेच होईल.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. जंतूंबाबत मात्र सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू आढळताच कामा नये.

आणि मुतखडा?

आरओ घेण्याचे हेच कारण मला सर्वांत जास्त सांगितले जाते. जड पाण्याने मुतखडा होतो असे ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा नाही. आहारातले कॅल्शियम तर आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि खड्याचा धोका कमी करते. सोलापूरच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात कमी पाणी पिणे हे खड्याचे मोठे कारण आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर फिकट लघवी होईल इतके पाणी प्या. हा सल्ला फुकट आहे, म्हणून कदाचित तो कुणी मनावर घेत नाही. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

मग कोणते यंत्र?

*महापालिकेचे पाणी, टीडीएस ५०० च्या आत:* गाळणी, कार्बन, यूएफ आणि यूव्ही असलेले यंत्र पुरते. कार्बन वास आणि क्लोरीन काढतो, यूएफची सूक्ष्म चाळणी जिवाणू अडवते आणि यूव्हीचा प्रकाश विषाणूंनाही निकामी करतो. पाणी गढूळ असेल तर यूव्हीचा प्रकाश आत पोचत नाही, म्हणून आधीची गाळणी महत्त्वाची. माझ्या घरी हेच यंत्र आहे.

*फक्त बोअरचे पाणी, टीडीएस जास्त:* इथे आरओ हवा. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर नक्कीच हवा. बोअर शोषखड्ड्याजवळ असेल तर नायट्रेट तपासाच. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकते आणि पाणी उकळून ते कमी होत नाही, उलट दाट होते. अशा घरात यंत्रावरचा 'टीडीएस कंट्रोलर' सैल सोडू नका. चव आणण्यासाठी तो न गाळलेले थोडे पाणी परत मिसळतो, त्याबरोबर नायट्रेटही येते.

*सॉफ्टनर:* सोसायट्यांमध्ये हा बसवतात. तो गिझर आणि नळांसाठी चांगला. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो आणि जंतू मारत नाही. विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पाणी पिऊ नये.

*यंत्र परवडत नसेल:* पाणी स्वच्छ कापडाने गाळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट राहू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनचे द्रावण बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ बसतो, जंतूंसाठी ती पुरेशी नाही.

गरज नसताना आरओ घेण्याचा आणखी एक तोटा आहे. साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्यास सांगितले होते, ते याच कारणाने. पाण्याच्या पाळीची वाट पाहत जागणाऱ्या शहरात तरी हे कळायला हवे. आरओ असेलच तर ते पाणी बादलीत धरा. फरशीला आणि संडासाला ते चालते.

यंत्र असूनही आजार का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरी सिंड्रोमची साथ आली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. राज्यातला पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात नोंदला गेला. त्या वेळी पुण्यातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्यातही जंतू आढळले आणि महापालिकेला ते बंद करावे लागले.

हे समजून घ्या. यंत्रातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे पुढच्या टाकीतल्या पाण्याला संरक्षण उरत नाही. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आलात आणि यंत्रातले साठलेले पाणी तसेच प्यायलात, तर ते यंत्र तुमचे रक्षण करणार नाही. यूव्हीचा दिवा साधारण वर्षभर काम करतो, नंतर तो पेटलेला दिसला तरी त्याचा जोर गेलेला असतो. वार्षिक देखभालीचा खर्च आधी विचारा, यंत्राची किंमत नंतर.

हॉटेल, मेस, क्लास, दवाखाना

विजापूर रोड, आसरा चौक भागातल्या व्यावसायिकांना विशेष सांगणे आहे. टोपण उघडता येणारा गार पाण्याचा वीस लिटरचा जार म्हणजे सीलबंद पाणी नव्हे. सीलबंद जारवर आयएसआय चिन्ह, आयएस १४५४३ हा क्रमांक आणि परवाना क्रमांक असणे २०२४ पर्यंत बंधनकारक होते. साठ मुलांच्या क्लासला घरगुती यंत्र पुरत नाही. ताशी किती लिटर लागते ते मोजून यंत्र घ्या. कूलरची टाकी दर आठवड्याला धुवा आणि तारीख भिंतीवर लिहा. माझ्या दवाखान्यात ती लिहिलेली असते आणि रुग्ण ती वाचतात.

या आठवड्यात एवढे करा

हौद आणि टाकी शेवटची कधी धुतली ते आठवा. आठवत नसेल तर धुऊन घ्या. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे आलेले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका. माठातून पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचा नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, घरची चालत नाही. निम्मी चाचणी रासायनिक आणि निम्मी जंतूंची, दोन्ही करून घ्या.

घरात गरोदर स्त्री असेल तर हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. हिपॅटायटिस ई ही दूषित पाण्यातून येणारी कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत तिचे पाणी उकळून द्या, भिंतीवर यंत्र असले तरीही.