पंचांगातले पत्र

वाट पाहणे हा आम्हा माळव्यातील मराठी मंडळींचा वडिलोपार्जित उद्योग आहे, असे म्हटले तर वाचकांनी रागावू नये. पवारांच्या मागून आमचे पूर्वज नर्मदा ओलांडून आले, कोणी धारला राहिले, कोणी देवासला. आणि तेव्हापासून आम्ही कशाची ना कशाची वाटच पाहत आलो. कधी सनदेची, कधी वर्षासनाची, कधी दरबारातून सुटणाऱ्या हुकमाची. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. म्हणजे वाट पाहायलाही दोन दरवाजे होते. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि आमच्या आजोबांची पिढी पेन्शनच्या कागदाकडे डोळे लावून बसली. इतका अनुभव गाठीशी असताना आम्हांला वाट पाहणे जड जाऊ नये. पण २०२२ सालच्या त्या सहा महिन्यांनी आमचा हा गर्व पार उतरवला.

त्या वर्षी २९ एप्रिलला मध्य प्रदेश मंडळाचा बारावीचा निकाल लागला. आमच्या नातीला उत्तम गुण मिळाले. तिला दिल्लीस जाऊन गणितात ऑनर्स करायचे होते. एरवी जून-जुलैत प्रवेशाच्या याद्या लागल्या असत्या. परंतु केंद्रीय विद्यापीठांसाठी एकच सामाईक प्रवेशपरीक्षा घेण्याचे ते पहिलेच वर्ष होते. देशभरातून चौदा लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली. परीक्षा जुलैच्या मध्यास सुरू झाल्या त्या ऑगस्ट सरेपर्यंत चालल्या. निकाल सप्टेंबरच्या मध्यास एका रात्री उशिरा आला, आणि दिल्लीच्या जागांची पहिली यादी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवाळी तोंडावर आली तेव्हा. आंबे संपले, श्रावण झाला, गणपती बसले आणि उठले, नवरात्रात टेकडीवर चामुंडेच्या आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला माणसांची रीघ लागली. आमच्या घरात मात्र एप्रिल संपलाच नव्हता.

प्रश्न केवळ जागेचा नव्हता, पैशाचाही होता. कॉलेजची फी फार नव्हे. भारी होते ते दिल्लीतले राहणे आणि जेवणे. आमचा मुलगा येथील एका कारखान्यात नोकरीस आहे, आणि आमची पेन्शन ती किती! म्हणून दोन शिष्यवृत्त्यांवर आमची भिस्त होती. केंद्र सरकारची एक योजना २००८ सालापासून चालत आली होती. तीत दर वर्षी देशभरात ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींना. विज्ञान, वाणिज्य आणि कला या शाखांना ३:२:१ या प्रमाणात. आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत नाव असावे आणि घरचे उत्पन्न मर्यादेत असावे, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. दुसरी 'इन्स्पायर' नावाची, मूलभूत विज्ञान आणि गणित शिकणाऱ्यांसाठी. ती वर्षाला ८०,००० रुपयांची; पण साऱ्या देशात १२,००० जणांनाच, आणि त्यासाठी मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असावे लागे. आमच्या नातीचे गुण त्या एक टक्क्याच्या अगदी काठावर होते. बाहेर की आत, हे यादीवाचून कळणार नव्हते.

आणि यातच खरी मेख होती. कॉलेजात नाव दाखल झाल्यावाचून शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही, कारण तो आधी कॉलेजाने तपासायचा असतो. शिष्यवृत्तीची खात्री असल्यावाचून आमच्यासारख्याने दिल्लीत नाव घालण्याचे धाडस करावे कसे? आधी उडी मारा, मग खाली जाळे आहे की नाही ते सांगू, असा तो प्रकार. कोणाची कुचराई नव्हे, व्यवस्थाच तशी आहे. आमच्या मुलाने शांतपणे दुसरा मार्ग मांडला. इंदूरला १८९१ सालापासूनचे होळकर कॉलेज आहे, देवासहून रोज जाऊन-येऊन करता येते, आणि २०१७ साली निघालेल्या मेधावी विद्यार्थी योजनेतून राज्य सरकार फीही भरते. त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. नात ऐकून घेत असे, आणि उठून आपल्या खोलीत जात असे.

तिला धीर यावा म्हणून आम्ही गोष्टी सांगू लागलो. धारच्या भोजराजाच्या कथा आमच्या लहानपणी घरोघर सांगत. बल्लाळाच्या भोजप्रबंधात तर कवीने श्लोक म्हणायचा अवकाश, की राजाने अक्षरागणिक लाख मोहरा द्यायच्या. अर्ज नाही, पडताळणी नाही. मग सयाजीराव गायकवाडांची गोष्ट सांगितली: १९१३ सालच्या जूनमध्ये तरुण भीमराव आंबेडकरांशी बडोदे सरकारचा करार झाला, तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड, आणि जुलै सरण्याच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचलेही. आधी विद्येची तरतूद, मग जहाज. "असे दाते होते, बाळ," आम्ही म्हणालो.

नात म्हणाली, "आजोबा, भोजराजाच्या दाराशी द्वारपाल होता ना? तो ज्यांना आत सोडत नसे, त्यांची गोष्ट कोणी लिहिली?"

आम्ही निरुत्तर झालो. तिने ते सहज म्हटले असेल. पण द्वारपाल हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा निबंध पुरा होणार नाही.

आमची ताई धारला असते. त्या सहा महिन्यांत तिचा रोज संध्याकाळी फोन येई. नमस्कार-चमत्कार न करता ती एकच शब्द विचारी, "आलं?" आम्ही म्हणत असू, "नाही अजून." की फोन बंद. घरातल्या लहानांना त्याची गंमत वाटे. आम्हांला वाटत नसे.

१९६८ साली ताई हायर सेकंडरीच्या परीक्षेत फार वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली होती. त्या काळी केंद्र सरकारची राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती होती. ती १९६१-६२ पासून सुरू झालेली. ताईच्या शिक्षकांनी सांगितले होते की तुला ती मिळणारच, तू इंदूरला होळकर कॉलेजात जा. त्या पावसाळ्यात ताई रोज दुपारी ओटीवर उभी राहून पोस्टमनची वाट पाही. हातात निवडायचे तांदूळ असत, पण नजर रस्त्याच्या वळणावर.

श्रावणातल्या एका दुपारी ती देवीच्या दर्शनास टेकडीवर गेली असताना पत्र आले. ते पोस्टमनच्या हातून आम्ही घेतले. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. धावत जाऊन वडिलांना दिले. त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि घडी घालून शके १८९०च्या पंचांगात ठेवून दिले. ताईचे लग्न धारच्या स्थळाशी जवळजवळ ठरत आले होते. वडील दुष्ट नव्हते. पाठची तीन भावंडे होती, पगार तुटपुंजा होता, आणि चांगले स्थळ हातचे जाऊ नये, ही त्या काळच्या बापाची चिंता होती. ते एवढेच म्हणाले, "इतक्यात काही बोलू नकोस." आईला कळले, आजीला कळले, आम्हांला तर ठाऊकच होते. घरात सर्वांना ठाऊक होते. एक ताई सोडून. आणि ती पुढे दोन महिने ओटीवर उभी राहिली. आम्ही रोज शाळेतून येताना तिला तिथे पाहत असू, आणि मान खाली घालून आत जात असू.

१९८९ साली वडील गेले. दिवस झाल्यावर त्यांचे कपाट आवरताना ते पंचांग ताईच्याच हाती आले. तिने पत्र उघडून वाचले. ती रडली नाही, चिडली नाही. इतकेच म्हणाली, "पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं." मग आमच्याकडे पाहून विचारले, "तुला ठाऊक होतं?" आम्ही होय म्हणालो. तिने पत्राची घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली. त्यानंतर या विषयावर आमच्यात एक शब्दही झालेला नाही.

आता वाचकांच्या ध्यानात येईल की रोजचे ते "आलं?" आमच्या कानी कसे पडत असेल.

यादी लागली. नातीला दिल्लीच्या एका चांगल्या कॉलेजात गणित ऑनर्सची जागा मिळाली. जागा स्वीकारायला आणि फी भरायला थोडेच दिवस होते. शिष्यवृत्तीचे, अर्थातच, काहीच ठरले नव्हते. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला, आणि आम्ही प्रथमच "आलं" म्हणालो. "पण पैशाचं अजून..." एवढे बोलेपर्यंत फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दारात उभी. वयाच्या बहात्तराव्या वर्षी धारहून इंदूर, तिथे गाडी बदलून देवास, असा एकटीने बसचा प्रवास करून आली होती. पाणीही न पिता ती आमच्यासमोर बसली आणि मुलाचे सारे म्हणणे तिने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "इंदूर वाईट नाही रे. मला तर इंदूरसुद्धा स्वर्ग होतं. पण हिला कुठं जायचंय ते हिला विचारा. पैशाचं उत्तर यायचं तेव्हा येईल. जागेचं उत्तर आपण द्यायचंय, आणि ते मुदतीत द्यायचंय."

आमची एक ठेव होती, म्हातारपणच्या दुखण्याखुपण्यासाठी राखलेली. ती दुसऱ्याच दिवशी मोडली. लक्ष्मीपूजन त्या साली बँकेच्या खिडकीपाशीच झाले, असे आम्ही नंतर विनोदाने म्हणत असू.

नात गेली. तिने अर्ज भरले, कॉलेजाने तपासले, पुन्हा महिनोन्महिने वाट. मोठ्या शिष्यवृत्तीच्या यादीत तिचे नाव नव्हते. लहान शिष्यवृत्ती मात्र मंजूर झाली. ठेव मोडल्याचे ओझे त्या १२,००० रुपयांनी उतरले असे नाही. पण ते मिळाल्याचे आम्हांला कसे कळले, ते सांगण्याजोगे आहे. आम्हांला कोणी कळवलेच नाही. पैसे थेट तिच्या नावच्या खात्यात जमा झाले, संदेश तिच्या फोनवर गेला, आणि तिने तो वर्गातून बाहेर पडताना वाचला. घरी तिने रात्री सांगितले, तेही जेवणाचे काय केलेस असे आम्ही विचारल्यावर.

आमच्या वयाची माणसे यंत्राच्या नावाने बोटे मोडतात. आम्हीही मोडतो. त्या पडद्यावर ना कोणाचा चेहरा, ना कोणाचा आवाज. पूर्वीचा पोस्टमन कसा नावाने हाक मारी, पेढा मागे, हे आम्ही अनेकदा रंगवून सांगितले आहे. परंतु पोस्टमन पत्र घराला देत असे. घर ठरवीत असे की ते कोणाला द्यायचे, केव्हा द्यायचे, आणि द्यायचे की नाही. भोजराजाच्या दारी एकच द्वारपाल असेल. आमच्या प्रत्येक ओटीवर एक होता, आणि एके काळी तो चौदा वर्षांचा होता. गुणवत्तेला उत्तर उशिरा मिळते हे दुःख खरेच. पण उशिरा का होईना, जिचे उत्तर तिच्याच हाती पडले, हे आमच्या घरात प्रथमच घडले.

त्या रात्री धारला फोन आम्ही केला. ताईने उचलताच आम्ही म्हणालो, "आलं. तिच्याच हातात आलं." पलीकडे बराच वेळ शांतता होती. फोन मात्र तिने बंद केला नाही.