एसीचा गॅस 'संपत' नाही, गळतो!

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी वाचाच. आणि मेकॅनिक दोस्तांनी तर नक्की.

आमच्या अकोला जिल्ह्यात मे महिना कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांमागं आईला ऊन लागलं, तीन दिवस सलाईनवर होती. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा. हप्त्यावर एक टनाचा एसी घेतला, आईच्या खोलीत बसवला. त्याच खोलीत तिचा देव्हारा. समई खाली जमिनीवर, सकाळ-संध्याकाळ तेवत असते.

मागच्या उन्हाळ्यात थंडावा कमी झाला. मेकॅनिक आला, म्हणाला, "भाऊ, गॅस संपला." गॅस भरला, अडीच हजार घेऊन गेला. यंदा एप्रिलमध्ये पुन्हा तेच. तोच मुलगा, तेच वाक्य. या वेळी सहज मशिनवरचं स्टिकर वाचलं. आर-२९०. बाजूला ज्वाळेचं चिन्ह असलेला त्रिकोण.

आर-२९० म्हणजे प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनसोबत असतो तोच. फरक एवढाच, की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो. एसीतल्या गॅसला तो नसतो. गळला तरी नाकाला कळत नाही.

मी विचारलं, "मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठं?"

तो म्हणाला, "उडून जाते भाऊ."

उडून जात नाही. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. तो खाली बसतो. खाली आईची समई.

त्या रात्री मी एसी बंद ठेवला आणि कागद-पेन घेऊन बसलो. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. मशिनमध्ये गॅस तीनशे ग्रॅमच्या आसपास. सगळा गळून खोलीभर सारखा पसरला तर घनमीटरला नऊ ग्रॅम. पेट घ्यायला लागतात सुमारे ३८ ग्रॅम. म्हणजे हिशोबानं धोका लांब आहे. घाबरवायला लिहीत नाहीये. पण दारं-खिडक्या बंद, पंखा बंद आणि गळती एकदम झाली, तर गॅस सारखा पसरत नाही, जमिनीलगत साचतो. तिथं हा हिशोब चालत नाही.

मग असे गॅस वापरतातच कशाला? जुना आर-२२ पेटत नव्हता, पण ओझोनचा थर खायचा. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए पेटत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटीहून जास्त. आज बहुतेक नव्या एसीत असलेला आर-३२ त्याच मोजमापानं ६७५. तोही सौम्य ज्वलनशील आहे आणि जळाला तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो. आर-२९० चा आकडा अगदी नगण्य. म्हणजे गॅस चांगलाच आहे. प्रश्न कामाचा आहे.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून प्रशिक्षण घेतलेला एक मेकॅनिक बोलावला. त्यानं आधी समई विझवायला लावली, खिडक्या उघडल्या, मेन स्विच बंद केला. उरलेला गॅस नळीनं बाहेर मोकळ्या हवेत सोडला, गटारापासून लांब. मग पाइपात नायट्रोजन भरून दाब दिला आणि जोडांना साबणाचा फेस लावला. आतल्या युनिटच्या मागच्या नटाजवळ बुडबुडे आले. फ्लेअरला बारीक तडा होता. बसवताना कुणीतरी पान्यानं अंदाजे आवळलेला. त्यानं पाइप कापून नवा फ्लेअर केला, टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापात आवळला, पुन्हा दाब तपासला. व्हॅक्यूम पंप लावला. गॅस अंदाजानं नाही, वजनकाट्यावर भरला. तीन तास लागले.

पहिला मुलगाही आला होता, मीच बोलावलं. शेवटपर्यंत बसून बघत होता. मग हळूच म्हणाला, "मी मामाच्या हाताखाली शिकलो. हे कोणी सांगितलंच नाही. अन् सीझनला दिवसाला आठ-दहा घरं, तीन तास कुठून आणू?"

त्याच्यावर काय रागवणार? मी स्वतः एसी पेटल्याच्या तीन-चार बातम्या केल्यात. दरवेळी 'शॉर्ट सर्किटचा प्राथमिक अंदाज' लिहून मोकळा झालो. मशिनमध्ये गॅस कोणता, शेवटचं काम कुणी केलं, एकदाही विचारलं नाही. ही माझी चूक.

तेव्हा एवढं करा. स्टिकर वाचा, कोणता गॅस आहे ते माहीत असू द्या. 'गॅस संपला' ऐकलं की आधी गळती शोधायला सांगा, ती दुरुस्त झाल्यावरच गॅस भरू द्या. काम चालू असताना खिडक्या उघड्या, दिवा-उदबत्ती-बिडी बंद. पाइपाचे जोड भिंतीत गाडू देऊ नका. जुन्या आर-२२ च्या मशिनमध्ये स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस अजिबात भरू देऊ नका. आणि दाब तपासायला ऑक्सिजन कधीच नाही, आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. चांगल्या कामाला वेळ लागतो, त्याचे पैसे द्या, घासाघीस करू नका.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं लिहिलं होतं. आमच्या या पोरानं त्याचं नावही ऐकलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत ही मुलं रिकामी असतात. तेव्हा तालुक्याच्या आयटीआयमध्ये चार दिवसांचं शिबिर घ्या, एवढीच मागणी. निवेदन मी लिहितोय. मेकॅनिक मित्रांनो, सही करायला या.

आईची समई आता शेजारच्या खोलीत आहे. ती अजून माझ्यावर रुसलेली आहे.