आधी म्यान बघावं

गळ्यात काय घालायचं आणि कमरेला काय लावायचं, याची वाटणी आपल्याकडे कधीच होऊन गेली आहे. तुळशीची माळ, ताईत, मंगळसूत्र, इष्टलिंग. ज्यावर भाव आहे ते गळ्यात. ज्यानं काम होतं ते कमरेला: चंची, किल्ल्यांचा जुडगा आणि कोकणात आकडी. आकडी म्हणजे कमरेमागे बांधलेला लाकडाचा आकडा. त्यात कोयती उघडीच अडकवायची आणि माडावर चढायचं. हात दोन्ही झाडाला, हत्यार पाठीशी. खाली उतरलेला माणूस तसाच दुकानात जाऊन विडी मागतो आणि कुणी दचकत नाही.

मग गळ्यात घालायचा चाकू कशासाठी? काम करणारं पातं गळ्यात कशाला? डोंगर भटकणाऱ्यांनी त्याचं उत्तर कमरेकडेच बोट दाखवून दिलं आहे. पाठीवरच्या मोठ्या सॅकचा पट्टा कमरेवर आवळला की कंबर अडते. पँटचे खिसे पट्ट्याखाली जातात, वरून रेनकोट येतो. जुलैत सह्याद्रीच्या घसरड्या वाटेवर एका हातानं कारवी धरून उभ्या असलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. छातीशी मात्र हात कायम पोचतो. तिथे टांगलेलं बोटभर पातं, न मिटणारं, टोक वर आणि मूठ खाली. मूठ धरून खाली ओढली की चाकू हातात.

टोक वर, मूठ खाली. सगळी गोम इथे आहे, आणि घेणारे नेमकं हेच शेवटी बघतात. पोलाद कोणतं, पाणी कसं दिलंय, यावर मंडळी रात्र जागवतील; म्यान फुकट मिळालेलं असल्यासारखं उलटून पाहणार नाहीत. पण हा चाकू दिवसभर आपल्या वजनानं बाहेर पडायला बघत असतो आणि त्याला अडवणारं एकटं म्यानच असतं. कमरेचं म्यान ढिलं असेल तर चाकू हरवेल. गळ्यातलं ढिलं असेल तर तो सदऱ्याच्या आत उघडा होईल. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. दुकानात चाकू म्यानात घालायचा, उलटा धरायचा आणि टेबलावर जोरजोरात झटकायचा. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी झटकायचा. नुसता हलला तरी परत.

हल्ली ही म्यानं बहुतेक कायडेक्सची असतात. तापवलं की मऊ होणारं हे प्लास्टिक पात्याभोवती दाबून बसवतात, म्हणून चाकू आत जाताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज स्वच्छ यायला हवा. फिनलंडच्या पुक्कोला अशी टकटक लागत नाही. त्याचं चामड्याचं म्यान अर्धी मूठच गिळून टाकतं आणि त्या घट्टपणावर चाकू राहतो, वर बंद नाही, बटण नाही. माझं मन तिथेच जातं. पण चामडं आपल्या घामाला आणि दमट हवेला टिकत नाही. ते आतून ओलं राहतं, बुरशी धरतं आणि पात्याला गंज चढवतं.

म्यानाची ही काळजी नवी नाही. 1991 साली आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवरच्या बर्फात, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. ओट्झी म्हणून तो आता जगाला माहीत आहे. त्याच्याजवळ चकमकीच्या दगडाचं पातं बसवलेली छोटीशी कट्यार होती, ॲश वृक्षाच्या लाकडाची मूठ आणि मुठीच्या शेवटाला दोरी. मला मात्र अप्रूप आहे तिच्या म्यानाचं. झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांनी विणलेलं, तिकोनी, बेतानं केलेलं. तांब्याची कुऱ्हाड बाळगणाऱ्या त्या माणसालाही दगडाच्या पात्यासाठी म्यान नीट विणून घ्यावंसं वाटलं होतं.

म्यान पटलं की पातं. अमेरिकी चाकूंत 1095 नावाचं कार्बन पोलाद फार चालतं. निसण्यावर दोनचार हात दिले की धार येते, पण घामानं तितक्याच लवकर डागही पडतात. आणि छातीइतकी घामट जागा दुसरी कुठली? आपल्या हवेत स्टेनलेसच बरं. स्वीडनमधल्या मोरा गावचा ‘एल्ड्रिस’ हा या जातीतला मला पटलेला चाकू. पातं सहा सेंटिमीटरच्या आसपास, धारेकडे एकच रुंद उतार. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो, त्यामुळे पाजवणं नवख्यालाही येतं. वजन शंभर ग्रॅमच्या वर गेलेला चाकू मी घेणार नाही. गडावरच्या टाक्यात पाणी घ्यायला वाकलं की तो हनुवटीवर येऊन आपटतो.

दोरी मात्र कच्ची हवी. पॅराशूटची म्हणून विकतात ती दोरी सुमारे अडीचशे किलो भार पेलते, आणि हौशी मंडळी तीच अभिमानानं गळ्यात घालतात. पाय घसरला आणि ती फांदीत अडकली, तर काय तुटायला हवं, दोरी की मान? झटक्यासरशी सुटणारा जोड किंवा बारीक मण्यांची साखळी घ्यावी.

कायद्याचं म्हणाल, तर 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्याची मर्यादा नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची आहे, आणि घरगुती किंवा शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. बोटभर पातं त्याच्या जवळपासही येत नाही. तरी शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे मनाई आदेश निघतात, तेव्हा त्यांत सोटे, भाले, लाठ्या यांच्या रांगेत सुरेही असतात. मेट्रोच्या दारातल्या शिपायाला पेरू चिरायला हवा असं कारण सांगून उपयोग नसतो. तेव्हा हा चाकू रोज गळ्यात घालायचा तो वाडीत, शेतात, डोंगरात. स्वसंरक्षणासाठी हवा म्हणणाऱ्यानं शिट्टी घ्यावी. ती गळ्यात छान दिसते.

राहता राहिला रंग. बाजारात काळ्याची चलती आहे, काळी मूठ, काळं पातं, एखाद्यावर कवटीही. मी नारिंगी घेईन. गवतात पडला तर दिसतो, हा एक फायदा. दुसरा एसटीत कळतो. नारिंगी मुठीच्या चाकूनं पेरू चिरायला घेतला की शेजारच्या मावशी पिशवीतून मीठ काढून देतात.