दोरी कोणी बांधली?

मये तळ्यावर जाऊन बंजी जंपिंग करायचं हे ठरलं ते कॅन्टीनमध्ये, शेवटचा पेपर देऊन आल्यावर. अशा वेळी माणूस काहीही ठरवतो. आम्ही चौघं होतो. सगळ्यांत मोठ्याने "चला" मी म्हटलं, कारण सगळ्यांत जास्त मीच घाबरले होते आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

मला उंचीची भीती आहे. हे सांगायला लाज वाटत नाही, कारण ती माझ्या एकटीची नाही, घरचीच आहे. आमचं घर मोपाला. माझा आजो पाडेली होता. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत नारळ पाडायचे असले की त्याला बोलावणं यायचं. कमरेला कोयता, पायात सुंभाची दोरी, आणि बघता बघता माणूस शेंड्यावर, असं आजी सांगायची. मी ते पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तो माडावरून पडला. जीव वाचला, पण डावा पाय सरळ झाला नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुणी झाडावर चढत नाही. स्टुलावर उभं राहून पंखा पुसायचा असला तरी आई खालून स्टूल धरते. लहानपणी शेजारची मुलं आंब्यावर असायची आणि मी खाली पडलेले गोळा करायची.

पण कॅन्टीनमध्ये "चला" म्हणून झालं होतं.

घरी सांगितलं की मैत्रिणीकडे जाते आहे. तसं ते अगदी खोटं नव्हतं, मैत्रीण सोबत असणारच होती.

तयारी म्हणजे काय करायची हे मला कळेना. परीक्षा असती तर नोट्स काढल्या असत्या. मग तेच केलं, वाचायला बसले. पहिली गोष्ट कळली ती अशी की उडी मारणाऱ्याने करायची तयारी फारशी नसतेच. रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट्स, पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर खरं सांगायचं. वजन खरं सांगायचं. पोट भरून जेवून जायचं नाही. झालं. बाकी सगळी तयारी दुसऱ्यांची. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. अभ्यास करून पास होता येणार नाही अशी ही पहिलीच परीक्षा.

मये तळ्यावर ही सोय 2019 साली सुरू झाली. उंची 55 मीटर. हा आकडा नुसता वाचून काही होत नाही. पण मी पाडेल्याची नात, मी तो माडात मोजला. आमच्या परसातला माड साधारण 15 मीटरचा असेल. म्हणजे साडेतीन माडांपेक्षा जास्त, एकावर एक ठेवलेले. मग वहीच्या मागच्या पानावर अकरावीतलं सूत्र मांडलं. 15 मीटरवरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या आसपास असतो. नारळ लिहिलं खरं, पण हात थांबला. मी नारळाचा हिशेब करत नव्हते.

दोरीचंही वाचलं. साधा दोरखंड पायाला बांधून कुणी उडी मारली तर दोरखंड कदाचित तुटणार नाही, पण माणूस मोडेल, कारण सगळा वेग एका झटक्यात थांबवायचा. बंजीची दोरी रबराच्या असंख्य बारीक धाग्यांची जुडी असते. ती ताणत जाते, आणि जो वेग जमीन एका क्षणात काढून घेते तो ही दोरी हळूहळू, लांबीभर काढून घेते. म्हणून वजन महत्त्वाचं. जड माणसाला जाड दोरी, हलक्याला बारीक. हलक्या माणसाला जाड दोरी बांधली तर ती नीट ताणतच नाही, आणि जड माणसाला बारीक दोरी बांधली तर काय होतं ते लिहायची गरज नाही. वजनाच्या बाबतीत मुली (आणि मुलगेसुद्धा, उगाच आमचंच नाव नको) दोन-तीन किलो इकडचे तिकडे करतात, ते इथे चालत नाही.

हा खेळ आला कुठून हे शोधताना दोन तारखा सापडल्या. 1 एप्रिल 1979 रोजी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून ऑक्सफर्डच्या काही तरुणांनी रबराच्या दोऱ्या बांधून उड्या मारल्या. एप्रिल फूलच्या दिवशी, म्हणजे तेही बहुधा कॅन्टीनमध्येच ठरलं असणार. पुढे ए. जे. हॅकेट नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने 1987 साली आयफेल टॉवरवरून उडी मारून दाखवली, अटक करवून घेतली, आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशात कावाराऊ नदीच्या पुलावर पैसे घेऊन लोकांना उड्या मारायला लावायचा धंदा सुरू केला. तो पूल 43 मीटरचा. आपलं मये त्याहून उंच आहे, हे वाचून अभिमान वाटावा की काय ते समजलं नाही.

पण या सगळ्यांच्या किती तरी आधीपासून एका बेटावर लोक हे करत आले आहेत. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू देशात पेंटेकोस्ट नावाचं बेट आहे. युरोपातल्या दर्यावर्दींना ते 1768 साली पेंटेकोस्टच्या सणाच्या दिवशी दिसलं, म्हणून हे नाव. तिथे सुरणासारख्या कंदांच्या काढणीच्या दिवसांत लाकडाचा उंच मनोरा बांधतात आणि पुरुष घोट्यांना रानवेली बांधून खाली झेपावतात. वेल रबरासारखी ताणत नाही. ती हिरवी, रसाने भरलेली असायला लागते, सुकली की तुटते. म्हणून पाऊस होऊन गेलेल्या दिवसांतच उड्या मारतात. कुणाला कुठली वेल, किती लांबीची, हे जाणता माणूस ठरवतो, नजरेने. वजनकाटा नाही. खाली माती खणून भुसभुशीत केलेली असते.

आणि एक गोष्ट. उडीच्या आधी तिथले लोक आपापली भांडणं मिटवतात. कुणाशी बोलायचं राहिलं असेल तर बोलून घेतात. न जाणो.

हे मी रात्री साडेअकराला वाचलं. पलीकडच्या खोलीत आजो खोकत होता. सड्यावर विमान उतरत होतं. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून आमच्याकडे रात्री अशा असतात. मी उठून सोप्यावर गेले तर आजोही बाहेर येऊन बसलेला. मी सांगून टाकलं. सगळं, मैत्रिणीकडे जाण्याच्या थापेसकट.

मला वाटलं होतं आता आईला हाक मारेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, "दोरी कोण बांदता?"

मी म्हटलं, तिथली माणसं बांधतात, शिकलेली असतात.

"कसली दोरी?"

रबराची.

"किती फावटीं वापरल्या ती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एवढं वाचलं, सूत्र मांडलं, 1768 पर्यंत जाऊन आले, पण ती दोरी आधी किती जणांच्या पायाला बांधली गेली असेल हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा कळलं की याची नोंद ठेवतात. प्रत्येक दोरीच्या उड्या मोजल्या जातात आणि ठरलेला आकडा झाला की दिसायला चांगली असली तरी ती बाद करतात.

पण त्या रात्री आजो स्वतःच्या दोरीबद्दल बोलायला लागला. सकाळी निघण्याआधी ती पाण्यात भिजवायची. मग अंगठ्याखालून सबंध फिरवायची, डोळे मिटून, कारण तुटू पाहणारा धागा डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला टोचतो. मग एक टोक पायाखाली दाबून दुसरं ओढायचं. पावसात शेवाळलेल्या माडाला हात लावायचा नाही, भाटकार कितीही ओरडू दे. हे सांगताना त्याचा अंगठा खरंच फिरत होता, हातात काही नसताना.

आणि मग तो पडल्याची गोष्ट. आमच्या घरात ती सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच ती सांगितली नव्हती. त्या दिवशी सकाळपासून बावीस माड झाले होते. पायातली दोरी एका जागी टोचत होती, त्याला ते कळलं होतं. एकच माड राहिला होता. भाटकारीण चहा घेऊन उभी होती. म्हटलं एवढा एक उरकू.

"त्या दिसा माका भय दिसलेंच ना," तो म्हणाला.

मग मला विचारलं, तुला भीती वाटते का? मी म्हटलं, खूप. तो "बरें" म्हणाला आणि आत जाऊन झोपला. जा म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही. आईला सांगायचं काम माझ्यावरच राहिलं. ते मी सकाळी केलं. त्याचं वर्णन इथे करत नाही. "तुका पिशें लागलां?" हे त्यातलं सगळ्यांत सौम्य वाक्य.

म्हापशाहून आम्ही दोन स्कूटरवर निघालो. अस्नोड्याच्या पुढे मुळगाव आलं. आमच्यातला एकजण म्हापशाचा, त्याने आदल्या संध्याकाळी मिलाग्र सायबिणीपुढे आम्हा चौघांच्या नावाने मेणबत्ती लावली होती. मी म्हटलं, तुझी सायबीण आमची मिराबाय, मुळगावची केळबाय तिची बहीण, शिरगावची लईराई बहीण आणि मयेची महामायाही बहीणच, म्हणजे आपण सबंध रस्ताभर एकाच कुटुंबाच्या ओळखीने चाललो आहोत. तो म्हणाला, मग एकच मेणबत्ती पुरेल. मी हसले, पण पोटात गोळा होताच.

तळं शांत होतं. चहूबाजूंनी हिरव्या टेकड्या, आणि लहानपणी शाळेच्या सहलीत पायडलच्या होडीत बसले होते तेच हे पाणी. फॉर्म भरला. वजन केलं, आकडा पेनाने हातावर लिहिला. लग्नात मेंदी काढताना धरतात तसा मी हात लांब धरून बसले, शाई पुसू नये म्हणून. अंगावर पट्टे चढवले, घोट्यांना वेगळे. एकाने बांधलं, दुसऱ्याने येऊन पहिल्याचं काम पुन्हा सगळं तपासलं, प्रत्येक बकल ओढून. दुसऱ्याने अंगठा पट्ट्याखाली घालून फिरवला तेव्हा मला एकदम रडू आलं. त्याला वाटलं मी घाबरले. म्हणाला, नको असेल तर अजून परत जाऊ शकता, कुणी काही म्हणणार नाही.

मी विचारलं, ही दोरी किती वेळा वापरली आहे?

तो हसला नाही, त्याने आकडा सांगितला. आकडा मी लगेच विसरले. त्याला तो न अडखळता सांगता आला, माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

कडेवर उभं राहिल्यावर बोटं फळीच्या बाहेर ठेवायची असतात. खाली बघायचं नाही, समोरच्या टेकडीकडे बघायचं. उडी मारायची नाही, हात पसरून आडवं पडायचं. सूचना मी मान हलवून ऐकत होते आणि गुडघे स्वतंत्रपणे आपलं काहीतरी करत होते. भीती गेली होती का? नाही. एवढं वाचून, बोलून, मेणबत्ती लावून ती तसूभर कमी झाली नव्हती. फक्त ती आता कुणापासून लपवायची राहिली नव्हती.

तीन, दोन, एक. पहिल्यांदा जमलं नाही. मी मागे सरकले आणि "सॉरी" म्हटलं. ते म्हणाले, सॉरी कशाला, सावकाश. पुन्हा बोटं बाहेर. पुन्हा मोजलं.

पडण्याबद्दल मला खरंच फार सांगता येणार नाही. वाऱ्याचा आवाज आठवतो. आपण ओरडायचं ठरवलं होतं आणि आवाजच निघाला नाही, हे आठवतं. मग पायांकडून कुणीतरी हळूच, पण ठामपणे धरलं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने वर न बघता विचारलं, "जेवलंस?" आजोला मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्याला मोबाईल लांब धरून बघायची सवय आहे. माझं तोंड, माझे पसरलेले हात, खालचं तळं, यातलं काहीच त्याने बघितलं नाही. मी पडायला लागले त्याच्या आधीच त्याने स्क्रीनवर बोट ठेवून ते थांबवायला सांगितलं. तिथे दुसरा माणूस वाकून माझ्या घोट्याजवळचा पट्टा ओढत होता.

"हो कोण?"

मी म्हटलं, माहीत नाही, नाव विचारायचं राहिलं.

"परत लाय," तो म्हणाला. मी मागे नेऊन पुन्हा लावलं.