अर्ध्या वेळेचा माणूस

पेणच्या बाजारपेठेत दिवेलागणीला एक लहानसा बदल घडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून शेठजी माडीवरून पुन्हा दुकानात उतरतात, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरू लागते, आणि मागच्या खोलीतील संगणकासमोर दिवसभर तेथे नसलेला एक गृहस्थ येऊन बसतो. दिवसा तो कारखान्यात, पतसंस्थेत किंवा शाळेच्या कार्यालयात नोकरीस असतो. रात्री तास-दीड तास दुकानाचा जमाखर्च लिहितो. पूर्वी त्याच्यापुढे रोजमेळ आणि खतावणी असे, आता टॅली असते. व्यापारी कुटुंबांना तो इतका परिचित आहे की त्याच्याविषयी वेगळा विचार करावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून त्याची गरज वाढली. पूर्णवेळ लेखनिक ठेवणे लहान दुकानाला परवडत नाही, आणि स्वतः सारे करावे तर धंदा कोणी पाहायचा? मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या दुकानाच्या दृष्टीने महिन्याच्या ११ आणि २० या दोन तारखा म्हणजे जणू दोन परीक्षाच. त्या दोन रात्री या गृहस्थाला घरी जायला किती वाजतील याचा नेम नसतो.

याचे गणित एकदा मांडून पाहावे. समजा, महिन्याचे ३,००० रुपये ठरले. रोज दीड तास, असे २५ दिवस. म्हणजे साडेसदतीस तास. तासाला ८० रुपये पडतात, आणि त्यात ११ व २० तारखेचे जागरण धरलेलेच नाही. ज्याच्या हाती दुकानाची खरेदी, विक्री, उधारी आणि नफा हे सारे उघडे असते, त्याच्या तासाचा हा भाव. दुकानदार तो देताना घासाघीस करतो आणि घेणारा संकोचाने गप्प बसतो.

नोकरी सांभाळून दुसरे काम करणे पेण परिसराला मुळीच नवे नाही. गणेशमूर्तींमुळे ते तेथे घरोघर रुजले आहे. पेण शहराप्रमाणे हमरापूर, जोहे या गावांतही गणपतीचे कारखाने आहेत. कंपनीतील पाळी संपवून आलेला मनुष्य जेवून घरच्या किंवा शेजारच्या कारखान्यात बसतो. कोणी मूर्ती घासतो, कोणी अंगाचा रंग देतो. डोळ्यांची आखणी मात्र ज्याच्या हाताला वळण आहे त्याच्याचकडे जाते. मोबदला बहुधा नगावर असतो, आणि चतुर्थी जवळ आली की हात कमी पडतात. या कामात लपवाछपवी नसते. अमुक माणूस श्रावणात रात्री आखणी करतो हे गावाला ठाऊक असते, कंपनीतल्या सोबत्यांनाही असते. पार्टटाइम हा शब्द रूढ होण्याच्या आधीपासून ही रीत तेथे चालत आली आहे.

नियम मात्र प्रत्येक नोकरीचे निराळे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६० अन्वये, एका कारखान्यात ज्या दिवशी काम केले त्याच दिवशी प्रौढ कामगाराने दुसऱ्या कारखान्यात काम करण्यास, काही विहित अपवाद सोडता, मनाई करण्यात आली. या तरतुदीमागील कारण रोहेकरांना समजावून सांगावे लागत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तेथे व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर रात्रीच्या जागरणाची झापड असली, तर तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांना पूर्वपरवानगीवाचून व्यापार-व्यवसाय करता येत नाही. साहित्य व कला यांकडे नियम अधिक उदारपणे पाहतात, आणि ते योग्यच आहे. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कालिदासाचे मेघदूतही त्यांनीच मराठी पद्यात आणले. तो व्यासंग होता. दुसऱ्याच्या वह्या पैसे घेऊन लिहिणे हे त्याहून वेगळे, आणि त्याला धन्याची संमती लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रो कंपनीने प्रतिस्पर्ध्यांचे काम करताना आढळलेल्या सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना कमी केल्याचे जाहीर केले. इन्फोसिसने त्याच वर्षी पूर्वसंमतीने बाहेरचे काम करण्यास मुभा दिली. एकाच व्यवसायातील या दोन वाटा. फरक संमतीचा, आणि काम कोणाचे करायचे याचा.

हाच प्रश्न पेणच्या एका कापडदुकानात उभा राहिला होता. रोह्याच्या बाजूला एका कारखान्याच्या भांडार विभागात लेखनिक असलेले एक गृहस्थ पेणला राहतात. निडी, नागोठणे, कासू ही स्थानके मागे टाकीत ते रोज संध्याकाळी परततात. मुलीचा अभियांत्रिकीला प्रवेश झाला आणि शुल्काचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी कापडाच्या एका दुकानात रात्रीचे लेखन मागितले. शेठजींना माणसाची निकड होती. तीन महिन्यांची बिले साठलेली होती. तरीही त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “अहो, तुमच्या कंपनीत हे ठाऊक आहे ना?”

ठाऊक नव्हते. नेमणूकपत्रात अन्य नोकरी न करण्याची अट होती. विचारायला जावे तर साहेबांच्या नजरेत यायचे, न विचारावे तर दररोज धास्तीत राहायचे. त्याच आळीतील दुसरा दुकानदार काही न विचारता दरमहा ५०० रुपये अधिक देऊन दुसऱ्याच दिवसापासून बोलावण्यास तयार होता. मुलीच्या शुल्काचा हप्ता पंधरा दिवसांवर आला होता. गृहस्थांनी हप्त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि कारखान्यात लेखी अर्ज केला. उत्तर येण्यास तीन आठवडे लागले. तेवढे दिवस शेठजींनी काम दुसऱ्या कोणाला दिले नाही. स्वतः रात्री बसून जमतील तितकी बिले लावली. त्यांच्या पत्नीला हा हट्ट वाटला, आणि वीस तारीख तोंडावर असताना तसे वाटणे साहजिक होते.

संमती अटींवर मिळाली. कारखान्याच्या वेळेत हे काम करायचे नाही, रात्रपाळीच्या आठवड्यात घ्यायचे नाही, आणि कारखान्याला माल पुरवणाऱ्या कोणाचेही हिशेब लिहायचे नाहीत. पहिली अट पाळणे गृहस्थांपेक्षा दुकानालाच जड गेले. दिवसा अकरा वाजता “ते बिल कुठे सापडत नाही” असा फोन करण्याची सवय सहजासहजी सुटत नाही. अखेर शेठजींच्या सूनबाईंनी दुपारी बिले संगणकात घालण्याचे काम अंगावर घेतले. रात्री केवळ तपासणी आणि जुळवणी उरली. साडेआठला गृहस्थ मोकळे होऊ लागले. मोबदला दरमहा बँकेतून जमा होतो आणि पुस्तकात त्याची नोंद पडते. या मिळकतीमुळे प्राप्तिकराचे ‘सहज’ हे सोपे विवरणपत्र मात्र आता त्यांना चालत नाही. त्यांनी ते तक्रार न करता बदलले. अनेक पगारदार ही दुसरी मिळकत दाखवायची विसरतात, आणि रोखीने पैसे देणारा दुकानदार त्यांना विसरायला मदत करतो.

वर्षभराने आळीतील तो दुसरा दुकानदार पुन्हा आला. काम हवे होते, पैशांचीही गरज होती. पण दोन्ही दुकाने एकाच सुरतेहून माल आणणारी. एकाच्या खरेदीचा भाव दुसऱ्याला कळला तर हंगामाचा धंदा बिघडावा. गृहस्थांनी होकार देण्यापूर्वी शेठजींच्या कानावर घातले. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिहा त्यांचं. पण त्यांचा एक कागद माझ्या टेबलावर दिसता कामा नये, आणि माझा त्यांच्या.”

गृहस्थांनी दोन वेगळ्या पिशव्या शिवून घेतल्या. त्या महिन्यापासून शेठजींनी स्वतःहून १,००० रुपये वाढवले. दुसऱ्या दुकानाने किती द्यायचे ठरवले, ते त्यांनी विचारले नाही.